कशासाठीं ?

मनुष्य हा विचार करून वागणारा प्राणी आहे, असें आम्ही वर्गांत अनेक वर्षें सांगत आलों आहों. सांगणाऱ्याला स्वतःला तें कितपत लागू पडतें, याची चौकशी करण्याची मात्र आम्हांला कधीं गरज भासली नव्हती. ती चौकशी दोन प्रसंगांनीं आम्हांला करावयास लाविली. त्यांतील पहिला प्रसंग हंसण्यासारखा आहे; दुसरा तसा नाहीं.

एका रविवारीं उपासना आटोपल्यावर एका आजारी स्नेह्याच्या समाचारास जावें म्हणून आम्ही सायकलीवरून निघालों. हँडलला अडकविलेल्या पिशवींत चार मोसंबीं होतीं आणि डोक्यांत दुसऱ्या दिवशीं शिकवावयाचा पाठ घोळत होता. कांहीं वेळानें भानावर येऊन पाहतों तों सायकल शाळेच्या फाटकापाशीं उभी ! आंत चिटपाखरूं नव्हतें. रखवालदार हंसून म्हणाला, "मास्तर, आज रविवार आहे." स्नेह्याचें घर गांवाच्या दुसऱ्या टोकाला होतें. मोसंबीं पोंचलीं, पण तासभर उशिरा.

दुसरा प्रसंग असा. आमच्या वर्गाचा एक नियम होता. घंटा झाल्यावर जो मुलगा येईल त्यानें पहिला तास संपेपर्यंत व्हरांड्यांत उभें राहावें. नियम आम्हींच घातला होता, आणि घालतांना त्याला चांगलें कारण होतें. पहिला तास बीजगणिताचा. मुलें रेंगाळत येत व पाठाचा आरंभ चुकवीत. पाठ चुकूं नये, एवढाच नियमाचा हेतु. चारसहा मुलें दोनचार वेळां बाहेर उभीं राहिलीं आणि वर्ग वेळेवर भरूं लागला. नियम सफल झाला, आणि पुढें तो आमच्या अंगवळणीं पडला.

कांहीं वर्षांनीं नववींतील एक मुलगा जून महिन्यापासून रोज उशिरा येऊं लागला. दारांत सावली पडली कीं आम्ही फळ्यावरून मान न वळवितां 'बाहेर' म्हणत असूं, आणि तो निमूटपणें बाहेर जाई. सहामाही परीक्षेंत त्याची बीजगणिताची उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी आली. ताकीद देण्याच्या इराद्यानें आम्हीं त्याच्या आईला बोलावून घेतलें. त्या बाईंनीं सांगितलें कीं, मुलाच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आल्यापासून ते अंथरुणाला खिळले आहेत. त्या स्वतः पहाटेंच कामावर जातात. वडिलांचें तोंड धुवून, त्यांना पेज भरवून मगच मुलगा शाळेला निघतो. शेवटीं त्यांनीं अगदीं साधेपणानें विचारलें, "तो उशिरा येतो हें खरं, मास्तर. पण त्याला बाहेर उभा करतां, तें कशासाठीं ?"

'त्याचा पाठ चुकूं नये म्हणून' हें उत्तर आमच्या ओठांपर्यंत आलें आणि तेथेंच थांबलें. पाठ चुकूं नये म्हणून घातलेला नियम पुढें करून आम्हीं त्या मुलाचे चार महिन्यांचे पाठ चुकविले होते.

एरव्हीं विचारी म्हणविणाऱ्या माणसाच्या हातून असें कसें होतें, याचा शोध घेतांना मेंदूविषयींचे कांहीं प्रयोग आमच्या वाचनांत आले. केंब्रिज विद्यापीठांत क्रिस्तोफर ॲडम्स व अँथनी डिकिन्सन यांनीं १९८१-८२ च्या सुमारास उंदरांवर केलेले प्रयोग त्यांत प्रमुख होत. पिंजऱ्यांतील दांडी दाबली कीं साखरेची गोळी मिळते, हें उंदरांना शिकविण्यांत आलें. कांहींना अशी गोळी १०० वेळां मिळाली, कांहींना ५००. नंतर तीच गोळी खाल्ल्यावर मळमळ सुटेल असें औषध त्यांना टोंचण्यांत आलें, त्यामुळें उंदीर त्या गोळीला तोंड लावीनासे झाले. मग त्यांना पुन्हां दांडीपाशीं सोडलें. १०० गोळ्यांचा अनुभव घेतलेल्या उंदरांनीं दांडी दाबणें कमी केलें. नको असलेल्या गोळीसाठीं श्रम कशाला करावे? परंतु ५०० गोळ्यांचा अनुभव घेतलेले उंदीर दांडी दाबीतच राहिले. जी वस्तु त्यांना नकोशी झाली होती, तिच्याचसाठीं ते राबत होते !

यावरून शास्त्रज्ञ वागणुकीचे दोन प्रकार मानतात. पहिला सहेतुक. त्याला दोन गोष्टींचें ज्ञान लागतें: अमुक केल्यानें अमुक फळ मिळेल हें एक, आणि तें फळ मला या घडीला हवें आहे हें दुसरें. यांपैकीं एक जरी नाहींसें झालें तरी मनुष्य हात आवरतो. दुसरा प्रकार संवयीचा. तेथें फळाचा विचारच नसतो. ओळखीची खूण दिसली कीं कृति घडते. फाटकाची वाट दिसली, सायकल वळली. दारांत सावली पडली, 'बाहेर' हा शब्द निघाला.

या दोन प्रकारांना मेंदूंत निरनिराळ्या जागा आहेत, हें आणखी नवलाचें. मेंदूच्या गाभ्यांत 'स्ट्रायटम' नांवाचा एक भाग आहे. २००४ व २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, त्याचा वरचा, बाहेरच्या बाजूचा अंश निकामी केला तर दीर्घ सराव झालेला उंदीरहि फळाची किंमत पाहून वागतो. उलट मध्याकडील अंश निकामी केला तर उंदीर संवयीचाच दास होतो. मनुष्याच्या मेंदूंतहि अशीच वांटणी असल्याचें दिसतें. कपाळामागचा भाग हेतु ध्यानांत धरून ठेवतो, आणि डोळ्यांच्या खोबणींच्या वरचा भाग फळाची त्या घडीची किंमत ठरविण्यास साहाय्य करतो. कपाळामागच्या या भागाची वाढ पुरी होण्यास वयाची पंचविशी उजाडते, हें पालकांनींहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आणखी एक प्रयोग आम्हांला विशेष झोंबला. जर्मनींतील बोखुम येथील लार्स श्वाबे व ऑलिव्हर वोल्फ यांनीं २००९ सालीं तो प्रसिद्ध केला. कांहीं माणसांना बर्फासारख्या थंड पाण्यांत हात धरावयास लावून त्यांच्या मनावर ताण आणला. नंतर कोणती निवड केली असतां कोणता खाद्यपदार्थ मिळतो, हें सर्वांना शिकविलें आणि त्यांतील एक पदार्थ पोटभर खाऊं घातला. ताण नसलेल्या माणसांनीं त्या पदार्थाची निवड कमी केली. ताण आलेली माणसें मात्र पूर्वीसारखीच ती निवड करीत राहिलीं. आमच्या वर्गांत त्या वर्षीं साठ मुलें होतीं, आणि वेळेंत अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई होती. हें आम्ही सबब म्हणून सांगत नाहीं. घाईच्या दिवसांतच आपल्या संवयींकडे अधिक लक्ष द्यावें, एवढाच बोध आम्हीं त्यांतून घेतला.

संवय ही शत्रु नव्हे. प्रत्येक अक्षर लिहितांना तें कसें वळवावें याचा विचार करावा लागला असता, तर कोणाचाहि निबंध पुरा झाला नसता. परंतु संवय ही विश्वासू असली तरी आंधळी चाकर आहे. धन्याचा हेतु बदलला, हें तिला कोणीं तरी सांगावें लागतें. म्हणून, विद्यार्थी मित्रहो, पहाटे उठून तेंच पान दहाव्यांदां घोकतांना एकदां थांबून स्वतःस विचारा, 'हें कशासाठीं ?' उत्तर मिळालें तर पुढें चला. न मिळालें तर पुस्तक मिटून तें उदाहरण स्वतः सोडवून पाहा. आणि पालकहो, रोज त्याच शब्दांत मुलाला रागें भरण्यापूर्वीं हाच प्रश्न आपणहि स्वतःस विचारावा.

त्या मुलासाठीं आम्हीं दाराजवळच्या बाकावर जागा ठेविली, आणि मधल्या सुटींत त्याला अर्धा तास बीजगणित शिकवूं लागलों. वार्षिक परीक्षेंत तो उत्तीर्ण झाला. चार महिन्यांचें नुकसान पुरतें भरून निघालें, असें मात्र आम्हांला म्हणवत नाहीं.

अजूनहि दारांत सावली पडली कीं तो जुना शब्द आमच्या जिभेवर येतो. आतां आम्ही आधीं मान वळवून पाहतों.