गच्चीवरची टिपणं

८ जून
समोरच्या काकूंनी कुंडीत आपोआप उगवलेल्या शेवंतीला महिनाभर पाणी घातलं. आज तिला बारीक पांढरी फुलं आली. गाजरगवत. कोवळेपणी पान शेवंतीसारखंच दिसतं, त्यात काकूंचा दोष नाही. "उपटताना हातमोजे घाला, खाज सुटते," म्हटलं. "फुललंय तर राहू दे की दोन दिवस."

११ जून
तुळस मान टाकत होती. आईने सकाळी पाणी घातलं, बायकोने दुपारी, मी ऑफिसातून आल्यावर. आज कुंडी उलटी केली. तळाचं भोक बुजलेलं, मुळं काळी, मातीला गटाराचा वास. बोट दोन पेरं मातीत खुपसून ओल बघावी आणि मगच पाणी घालावं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

१३ जून
नर्सरीतलं प्रत्येक झाड बारमाही फुलतं.

१९ जून
अनंत की तगर? दोन्हींची पानं तुकतुकीत, फूल पांढरं. पान तोडावं, देठातून दुधासारखा चीक आला तर तगर. गेल्या वर्षी सव्वाशे रुपयांना आणलेल्या अनंताचं पान आज तोडलं. चीक आला.

२४ जून
लिंबाच्या रोपाला पानं सतरा. तीन पानांवर पक्ष्यांची शिट. पुसायला गेलो तर शिट चालायला लागली.

२८ जून
जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळतायत. "दृष्ट लागली," आई. खोडावरून मुंग्यांची रांग वर चाललेली, म्हणून तिच्यामागे गेलो. कळीच्या देठाशी कापूस चिकटल्यासारखा पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो, त्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, मुंग्या तो चाटतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. दूधवाला आणि म्हैस, दोघंही माझ्या गोठ्यात फुकट. आधी पाण्याचा जोरदार फवारा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, साबणाचे दोन-तीन थेंब, ऊन उतरल्यावर. आठवड्याने पुन्हा.
आईने मीठ-मोहरीही ओवाळली. आता गुण कशाचा, हे ठरवता येणार नाही.

१ जुलै
मनी प्लांट चोरून आणला तरच लागतो म्हणतात. पेरासकट कुठलाही तुकडा पाण्यात ठेवला की मुळं फुटतात, पावती असली तरी.

२ जुलै
लिंबाची पानं अकरा. अळ्या तीन, आता हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुलीने तिघींना नावं ठेवली. त्यामुळे फवारणी रद्द.

५ जुलै
तळमजल्यावरचे आजोबा: "दुधीला ढीगभर फुलं, फळ एक नाही." जाऊन पाहिलं. लांब बारीक देठाची सगळी नर फुलं. मादीच्या मागे बोटाएवढा दुधी आधीपासूनच असतो. तशा दोन सापडल्या, देठाशी पिवळ्या पडत चाललेल्या. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, दुधीचं संध्याकाळी, आणि पतंग इथवर येत नसावेत. आज साडेसातला आजोबा टॉर्च आणि रंगाचा ब्रश घेऊन निघाले. सुनेने विचारलं, कुठे? "लग्न लावायला."

७ जुलै
पानओव्याची भजी. डब्यातला ओवा कोथिंबिरीच्या कुळातला, हा पानओवा तुळशीच्या. वास सारखा, नातं काही नाही. भजी उत्तम.

९ जुलै
पानं चार. अळ्या दोन, एक बुलबुलाने नेली. मुलगी जेवली नाही.

१० जुलै
फांदीला एक कोश. दुसरी अळी सापडत नाही.

१४ जुलै
रात्री साडेअकराला शेजाऱ्यांकडून बोलावणं: ब्रह्मकमळ फुललंय. उदबत्ती, हळद-कुंकू, चाळीसेक फोटो. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, उत्तराखंडचं राज्यफूल. हे मेक्सिकोकडचं निवडुंग. ज्याला आपण पान म्हणतो ते चपटं खोड. सुगंध सगळ्या जिन्यात भरला होता. मी काही बोललो नाही. नमस्कार केला.

१८ जुलै
कोश रिकामा. दुधी वीतभर, आजोबा रोज फोटो पाठवतात. लिंबाला नवी पालवी. दुपारी काळ्यावर पिवळट ठिपक्यांचं एक फुलपाखरू आलं आणि पोटाचं टोक वाकवून एकेका कोवळ्या पानाला टेकवत राहिलं.