खिशातली फ्लॉपी

बडनेऱ्याला गाडीत बसलो तेव्हा माझ्या खिशात बाबांची फ्लॉपी होती. निवृत्तीनंतर, १९९९ साली, त्यांनी आमच्या अमरावतीच्या घराची हकीकत टाइप केली होती. बाबा गेले, फ्लॉपी उरली. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह जोडून ती उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता चिवडा! त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली वळणे बसवीत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. पण विंडोज ९८ मध्ये तिची अंगभूत सोय नव्हती. फॉन्ट हरवला की मजकूर मुका!

तो फॉन्ट आता फक्त अकोल्याच्या काकांच्या जुन्या लॅपटॉपवर होता. वाटेत मूर्तिजापूर आले नि शकुंतला आठवली. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढीत असे. काकांचे यंत्रही त्याच जातीचे. बॅटरी केव्हाच संपलेली, इंटरनेटशी संबंध नाही. पण प्लग लावताच विंडोज ९८ मुकाट्याने सुरू झाले. फ्लॉपी खरखरली आणि अक्षरे उमटली : ‘आमच्या आडाला उन्हाळ्यातही पाणी असे.’

“बोलला ना बाप्पा आमचा दादा!” काकांनी चष्मा पुसला.

रात्रभर ते वाचीत गेले, मी युनिकोडमध्ये टाइप करीत गेलो. पाचांपैकी चार प्रकरणे हाती लागली. पाचवे, आईवरचे, काही केल्या उघडेना.

“ते वहिनीलेच विचार,” काका म्हणाले.

या दिवाळीत, वाचकहो, मी वही घेऊन आईसमोर बसणार आहे.