सगळं आधीच ठरलेली सुट्टी : झाशी आणि ओरछा

कॅरिबियन बेटांवरच्या रिसॉर्टच्या जाहिराती हल्ली आपल्याही मोबाइलवर येतात. एकदाच पैसे भरायचे, मनगटाला पट्टा बांधून घ्यायचा आणि मग आठवडाभर जेवण, सरबतं, पोहणं, संध्याकाळची गाणी, कशासाठीही पाकीट काढायचं नाही. कल्पना मूळची तिथली नाही. १९५० मध्ये जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन माणसाने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून ‘क्लब मेड’ सुरू केला, तिथून ती जगभर पसरली.

माझा दादा न्यू जर्सीला असतो. तिथून डॉमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना विमानाने चार तासांवर. आईच्या पंचाहत्तरीला सगळ्यांनी तिथेच जमावं, असं त्याच्या मनात होतं. वहिनीचं कारण मात्र मला जास्त पटलं. ती म्हणाली, “ताई, तिथे आपल्यापैकी कुणालाच ‘उद्या काय करायचं’ हा प्रश्न पडत नाही.” खरंच आहे. सहलीला गेलं तरी डबे, औषधं, मुलांचे मोजे आणि हॉटेलच्या बिलाची वाटणी घरातल्या बाईच्याच डोक्यात असते. तिची सुट्टी अशी होतच नाही.

पण आईचे गुडघे आणि पुण्याहून विमानं बदलत जायचं! शिवाय आईला समुद्राचं अप्रूप नव्हतं. तिला झाशी पाहायची होती. गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ तिने कितीदा तरी वाचलंय. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. शेवटी दादा इकडे आला, झाशी ठरली, आणि वहिनीची अट तशीच ठेवली : राहणं, तिन्ही वेळचं जेवण आणि गाडी, सगळ्याचे पैसे आधीच द्यायचे. हिशेब दादाकडे. बायकांनी विचारायचंसुद्धा नाही.

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्सप्रेस झाशीला जाते. स्टेशनाचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी. शहरात एक दिवस पुरतो, तोही सकाळी लवकर निघालात तर. किल्ला ओरछाच्या वीरसिंह देवांनी १६१३ मध्ये बांधायला घेतला; मराठ्यांकडे तो नंतर आला. आत शिरताच ‘कडक बिजली’ तोफ दिसते. तटावरून घोडा उडवला ती जागा दाखवतात, तिथे मुलं खूप वेळ खाली वाकून बघत होती. माझ्या भाच्याला मात्र इथे राहिलेल्या ध्यानचंदांचंच जास्त कौतुक. सिप्रीच्या टेकडीवरचा त्यांचा पुतळा पाहिल्याशिवाय तो हलेना.

राणीमहालाच्या दरबारातली छताची नक्षी आणि रंगकाम बघण्यासारखं आहे. आई तिथे बराच वेळ गप्प बसली. शहर पडल्यावरची लूट आणि राजवाड्यातल्या ग्रंथालयाची झालेली नासधूस गोडसे भटजींनी लिहून ठेवली आहे. पुस्तकांचा तो विध्वंस तिला माणसांच्या कत्तलीइतकाच लागतो, असं ती म्हणते. मी त्यावर काही बोलले नाही.

मुक्काम आम्ही ओरछाला केला, बेतवाच्या काठी, तीन रात्री. झाशीपासून जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर, पण राज्य बदलतं, मध्य प्रदेश लागतो. इथे राम राजा आहे. राणी गणेशकुंवरींनी अयोध्येहून मूर्ती आणली, तिच्यासाठी चतुर्भुज मंदिर बांधायला घेतलं. तोवर राजवाड्यात ठेवलेली मूर्ती मग तिथून हललीच नाही, अशी कथा. म्हणून देव महालात, आणि पलीकडे उंच मंदिर. राजा म्हटल्यावर पोलीस रोज मानवंदना देतात! आईला गर्दी सोसणार नव्हती, तर तिथल्या एका हवालदाराने “अम्मा, इधर से आइए” म्हणत तिला कडेने नेऊन बसवलं.

जहांगीर महालाच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालचा चौकच पाहावा. त्यापेक्षा नदीकाठच्या छत्र्या गाठा, संध्याकाळी. त्यांच्या शिखरांवर गिधाडं घरटी करतात. आपल्याला गिधाड म्हटलं की शिसारी येते, पण गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधामुळे देशातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं. इथे ती अजून दिसतात, हे भाग्यच म्हणायचं.

वहिनी पहिल्या दिवशी दोनदा स्वयंपाकघराकडे डोकावून आली. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या सकाळी ती नऊ वाजेपर्यंत झोपली. लग्नाला एकवीस वर्षं झाली, तिला असं झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दादाने मुलांना उठवलं, आईच्या गोळ्या दिल्या, एक गोळी चुकवलीही.

कॅरिबियनमधल्या त्या पट्ट्याची मला एकच गोष्ट खटकते : सगळं कुंपणाच्या आत मिळतं, म्हणून कुणी बाहेरच पडत नाही आणि गावातल्या खानावळीला, रिक्षावाल्याला फारसं काही मिळत नाही. ओरछात हॉटेलचं जेवण ठरलेलं असूनही आम्ही एक दुपार मुद्दाम सोडली. गंज भागात काही घरांतून पाहुण्यांची सोय होते. तिथे चुलीवरची भाकरी आणि कढी जेवलो. वहिनी तिथल्या सुनेशी अर्धा तास बोलत होती, पाककृती मात्र विचारली नाही.

जायचंच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात बुंदेलखंडात बाहेर उभं राहवत नाही.

परतीच्या दिवशी झाशीच्या गणेश मंदिरात थांबलो. १८४२ मध्ये गंगाधररावांशी मनूचं लग्न झालं ते हे मंदिर. शेजारी बसलेल्या एका आजींनी आईला विचारलं, “तुम्ही पुण्याच्या काय?” त्यांचं मराठी हिंदी वळणाचं, पण स्वच्छ. घराणं किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यांना सांगता येईना. गणपतीत या, म्हणाल्या, दहा दिवस आरत्या असतात, सगळ्या मराठीत. आईने लगेच दादाकडे पाहिलं, आणि दादाने वहिनीकडे.