नगर वाचावें कसें?

मुंबईच्या चर्चगेट स्थानकाजवळ चर्चहि दिसत नाहीं व गेटहि दिसत नाहीं. वाचकांपैकीं अनेकांनीं तेथें गाडी धरली असेल. परंतु जी वस्तु डोळ्यांस दिसत नाहीं तिचें नांव स्थानकास कां पडावें, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत आला असेल. आम्हां कांहीं वर्गमित्रांच्या मनांत तो आला, आणि त्याच्या मागें लागतां लागतां गेल्या नाताळची सर्व सुटी पायीं हिंडण्यांत खर्ची पडली. त्या भटकंतींत जें हातीं लागलें तें येथें सादर करीत आहों.

कंपनी सरकारच्या अमदानींत मुंबईच्या वस्तीभोंवतीं तट होता. त्याच्या तीन दरवाजांपैकीं पश्चिमेकडील दरवाजा, सन १७१८ मध्यें उपासनेसाठीं उघडलेल्या सेंट टॉमस चर्चच्या रोखानें होता. म्हणून त्यास चर्च गेट म्हणत. आज जेथें हुतात्मा चौक आहे तेथें तो उभा होता. पुढें दरवाजाचें नांव रस्त्यानें घेतलें, रस्त्याचें स्थानकानें घेतलें. आणि सर बार्टल फ्रिअर हे गव्हर्नर असतां, म्हणजे १८६२ ते १८६७ या काळांत, तट पाडला गेला तरी नांव तेवढें मागें राहिलें. नांवाचें एक असो. आम्हांस खरें नवल वाटलें तें निराळेंच.

तटाबाहेर तोफांच्या माऱ्यास आडकाठी होऊं नये म्हणून मोकळी जमीन राखलेली असे, व तीवर पक्कें घर बांधण्यास मनाई असे. या पट्ट्यास एस्प्लनेड म्हणत. त्याच्या पलीकडे गिरगांव, काळबादेवी, भुलेश्वर अशी देशी वस्ती वाढली. मग तट गेल्यावर या मोकळ्या जमिनीचें झालें काय? जुन्या नकाशावर पातळ कागद ठेवून आम्हीं तिची सीमा उतरून घेतली व तो कागद आजच्या नकाशाशीं ताडून पाहिला. ओव्हल, कूपरेज, क्रॉस मैदान, आझाद मैदान हीं चारहि त्या पट्ट्यांत पडलीं. इतकेंच नव्हे, तर उच्च न्यायालय, विद्यापीठ व त्याचा राजाबाई मनोरा, सेंट झेवियर कॉलेज, जे. जे. कलाशाळा, कामा व गोकुळदास तेजपाल हीं रुग्णालयें, क्रॉफर्ड मार्केट, हींहि त्यांत किंवा त्याच्या कांठावर निघालीं. जेथें कोणास घर बांधूं दिलें नव्हतें तेथेंच पुढें विद्येस, न्यायास व रुग्णसेवेस ऐसपैस जागा मिळाली. मुंबईचीं मुलें ज्या मैदानांवर आज क्रिकेट खेळतात तीं मुलांसाठीं कोणी राखलीं नव्हतीं. तीं तोफांसाठीं राखलेलीं होतीं!

असल्या पट्ट्याचा शास्त्रीय विचार झालेला आहे. जर्मनींत जन्मलेले व १९३३ मध्यें इंग्लंडांत आश्रयास गेलेले भूगोलज्ञ कॉन्झेन यांनीं ॲनिक नांवाच्या एका लहान बाजारगांवावर १९६० मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. शहराची वाढ जेथें कांहीं काळ अडून राहते तेथें मोठ्या आवारांच्या संस्था व मोकळ्या जागा जमतात. पुढें शहर त्यांस ओलांडून गेलें तरी तो पट्टा कड्यासारखा आंत शिल्लक राहतो, असें ते दाखवितात. नगराचे रस्ते, जमिनीचे तुकडे व इमारती हे तीन थर वेगळे करून पाहावे, हीहि त्यांचीच शिकवण. इमारत पुष्कळदां बदलते. तुकड्याची हद्द तिच्याहून टिकते. आणि रस्त्याची रेषा तर फारच चिवट असते.

हे थर पाहावयास आम्ही गिरगांवांत गेलों. फणसवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट हीं नांवेंच बागाईताचीं व शेतीचीं आहेत. वाडी म्हणजे मुळांत माडांची बाग. बाग गेली, परंतु रस्त्यावर अरुंद तोंड, आंत लांबट आवार आणि त्या आवारांत बसविलेल्या चाळी, असा आकार आम्हांस ठिकठिकाणीं दिसला. एका वाडींत आम्ही पावलांनीं अंतर मोजीत असतां ओट्यावर बसलेल्या एक आजीबाई म्हणाल्या, "मोजायला आलांत, म्हणजे आमचीहि पाळी आली म्हणायची!" आम्ही विद्यार्थी आहों, कंत्राटदाराचीं माणसें नव्हेत, असें सांगतांच त्यांचा चेहरा निवळला. "मग एवढंहि लिहून घ्या, बाळांनो. पाणी पहाटे येतं, आणि संडासापुढं रांग असते." आम्हीं तें लिहून घेतलें. जुन्या वाड्यांचें कौतुक करणाऱ्यांच्या लेखांत ही रांग बहुधा येत नाहीं.

आजीबाईंचें भय पोकळ नाहीं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्यें स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टानें दाट वस्तींतून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. वारा खेळूं लागला खरा; पण ज्यांचीं घरें गेलीं त्यांतील पुष्कळ गरीब शेजारच्याच चाळींत जाऊन दाटले. १९१४ मध्यें हिंदुस्थानांत आलेले व १९१९ मध्यें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडिस यांस ही रीत मान्य नव्हती. आधीं गल्लीन् गल्ली पायीं पाहावी, नासलेलें तेवढेंच घर काढावें, एखादा लहानसा चौक मोकळा करावा, असें त्यांचें म्हणणें असे. आतां अनेक तुकडे एकत्र करून त्यांवर उंच मनोरे उभारण्याची योजना आहे. भेंडीबाजारांत असें काम सुमारे साडेसोळा एकरांवर हातीं घेण्यात आलें. घरांत नळ व संडास यावा, याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. परंतु चाळ पाडून त्याच जागीं नवी बांधणें निराळें, आणि दहा वाड्यांच्या हद्दी पुसून एक आवार करणें निराळें. दुसऱ्यांत सर्वांच्या जाण्यायेण्याची गल्ली फाटकाआड जाते. हा भेद योजनेच्या चित्रांत आम्हांस कोठें आढळला नाहीं.

निघतांना आम्हीं आजीबाईंस आमचा कागद दाखविला. त्यांनीं चष्मा पुसून तो बराच वेळ न्याहाळला व एके ठिकाणीं बोट ठेविलें. "इथं विहीर होती. मी लग्न होऊन आलें तेव्हां बुजवलेली होती, पण सासूबाई तिथं दिवा लावायच्या." आमच्या दोन्ही नकाशांत विहीर नव्हती. आम्हीं पेन्सिलीनें एक वर्तुळ काढलें व जागा बरोबर आहे ना, असें विचारलें.

"किंचित् डावीकडं," त्या म्हणाल्या.