नाव मोकळं आहे का?

सासूबाईंचा मालवणी मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं हे सगळं कुडाळच्या आसपास आम्ही वर्षानुवर्षं ओळखीवरच विकत आलो. पिशवीवर नाव नव्हतं, त्याची गरजही नव्हती. मुंबई-पुण्याहून फोनवर मागणी वाढली तेव्हा ऑनलाइन दुकान काढायचं ठरलं. अवघड काम पॅकिंगचं आणि कुरिअरचं असेल, असं मी धरून चालले होते. अडले मात्र नावापाशी, आणि असा गोंधळ उडाला की आमच्यासारख्या घरगुती उद्योग करणाऱ्यांसाठी हे लिहून ठेवावंसं वाटलं.

सुरुवात भाच्यापासून झाली. त्याने मोबाइलवर आम्हाला आवडलेलं एक नाव टाकलं आणि म्हणाला, ‘‘मामी, डॉट इन मोकळं आहे. घेऊन टाकू?’’ वर्षाचे काही शे रुपये. मी विचारलं, ‘‘घेतलं की नाव आपलं ना?’’ त्याला सांगता येईना. घरात कुणालाच सांगता येईना. पैसे भरणं मी तिथेच थांबवलं.

तालुक्यातल्या सीएंनी पहिली गाठ सोडवली. डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. जो आधी मागेल आणि पैसे भरेल त्याला तो मिळतो. डॉट इनचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही संस्था पाहते. पत्ता देताना, हे नाव बाजारात आणखी कुणी वापरतंय का, हे कुणी तपासत नाही. मालावरच्या नावाचा हक्क ठरतो तो १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याने, आणि त्याची नोंद ट्रेडमार्क रजिस्ट्रीत होते. डोमेन देणारा रजिस्ट्रीला विचारत नाही आणि रजिस्ट्री डोमेन राखून ठेवत नाही. मी आशेने विचारलं, ‘‘मग उद्यम नोंदणी? एफएसएसएआयचा परवाना? त्यावर तर नाव असतंच की.’’ ते म्हणाले, ‘‘असतं, पण त्याने नावावर मालकी येत नाही.’’ सरकारी शिक्क्याच्या कागदावर आपलं नाव छापून आलं की ते आपलं झालं, असा समज आपल्याकडे फार पक्का आहे. तो मोडायला मला वेळ लागला.

रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावरचा शोध फुकट आहे. कुणीही घरबसल्या घेऊ शकतो. फक्त समोर येतं ते काही केल्या उमगत नाही. एका नावापुढे ‘ऑब्जेक्टेड’, दुसऱ्यापुढे ‘अपोज्ड’, तिसऱ्यापुढे ‘अबँडन्ड’. पहिल्या दोन्हींचा अर्थ हरकत असाच लागतो, म्हणून मी दोन्ही सारखीच धरली होती. ओळखीतून गाठ पडलेल्या मुंबईच्या एका वकीलबाईंनी फोनवर फरक सांगितला. ऑब्जेक्टेड म्हणजे रजिस्ट्रीच्या परीक्षकाने शंका काढली आहे, अपोज्ड म्हणजे बाहेरच्या कुणीतरी विरोध नोंदवला आहे. अबँडन्ड म्हणजे अर्जदाराने वेळेत उत्तर दिलं नाही आणि अर्ज बाद धरला गेला. तेव्हा ते नाव मोकळं झालं, म्हणून मी खूश झाले. त्यांनी लगेच सावध केलं: अर्ज बाद झाला असला तरी तो माणूस अजून त्या नावाने माल विकत असू शकतो, आणि आधीपासून नाव वापरणाऱ्याला नोंदणीशिवायही न्यायालयात दाद मागता येते. म्हणून रजिस्ट्रीतला शोध झाल्यावर साध्या गुगलवर, इन्स्टाग्रामवर आणि ऑनलाइन बाजारांतही तेच नाव शोधायचं. हे मी मन लावून केलं आणि घरातली दोन नावं तिथेच गळली. त्यातलं एक सासूबाईंचं माहेरचं नाव. त्याच्याशी मिळतं नाव मसाल्यांतच कुणीतरी आधी नोंदवलेलं होतं. त्यांना ते सांगताना माझ्या जिवावर आलं.

नावात ‘कोकण’ हवंच, असा घरातल्या सगळ्यांचा आग्रह होता. वकीलबाईंचं म्हणणं उलट. कायद्याच्या नवव्या कलमात बसणारी, म्हणजे फक्त वर्णन करणारी नावं सहसा नाकारली जातात. शुद्ध, अस्सल, घरगुती, कोकणचा मसाला हे शब्द प्रत्येक विक्रेत्याला लागतात, ते एकट्याच्या नावावर कसे करायचे? आणि नोंद मिळालीच तरी अशा नावाचं कुंपण कच्चं राहतं. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचा २०१६चा निकाल सांगितला. शादी डॉट कॉमच्या कंपनीने ‘सेकंडशादी’ या नावाविरुद्ध तात्पुरती मनाई मागितली होती, ती मिळाली नाही. ‘शादी’ हा शब्द लग्न जुळवण्याच्या धंद्याचं वर्णनच करतो. इतक्या मोठ्या, गाजलेल्या नावाची ही गत, तर ‘कोकण’ला धरून मी काय मिळवणार होते? शिवाय काही नावं गावाची असतात. भौगोलिक मानांकन मिळालेली पैठणी, कोल्हापुरी चप्पल, आमच्याकडचं सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम ही नावं त्या भागातल्या उत्पादकांची सामाईक आहेत, एका दुकानाच्या ट्रेडमार्कसाठी नाहीत. मला हे पूर्णपणे पटलं. कोकमाचं नाव कुण्या एकाच्या खिशात जाऊ नये, असंच मला वाटतं.

नावं बनवताना आणखी एक गोष्ट कळली. मराठी शब्द रोमनमध्ये लिहिताना एक ए काढला, व्हीच्या जागी डब्ल्यू घातला की डोमेन मोकळं सापडतं, आणि भाचा तेच करत होता. कायदा मात्र स्पेलिंगवर थांबत नाही, कानाला काय ऐकू येतं तेही पाहतो. १९९९मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘रेडिफ’ने ‘रॅडिफ’विरुद्ध दाद मागितली. फरक एका अक्षराचा होता, आणि न्यायालयाने रॅडिफला ते डोमेन वापरायला मनाई केली. पुढे २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सिफीचं प्रकरण आलं. सत्यम इन्फोवेने आपल्या नावातली अक्षरं जुळवून ‘सिफी’ हा शब्द तयार केला होता, आणि दुसऱ्या कंपनीने ‘सिफीनेट’ नावाने डोमेन घेतलं होतं. डोमेनसाठी देशात वेगळा कायदा नसला तरी ट्रेडमार्कची तत्त्वं त्याला लागू होतात, दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणं इथेही चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. ही गोष्ट ऐकून मला वाट दिसली. आम्हीही आमच्या घराच्या नावातली आणि सासूबाईंच्या नावातली अक्षरं जोडून एक शब्द केला. आधी कुणाला तो रुचला नाही. आता सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. अर्ज अजून तपासणीत असल्याने तो इथे लिहीत नाही.

अर्ज भरताना पुन्हा डोकं गरगरलं. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत आणि नावाचा हक्क मिळतो तो वर्गापुरता. आमचं स्वयंपाकघर एकच, पण मसाला, मेतकूट आणि पीठ ३०व्या वर्गात, लोणचं आणि आमसुलं २९व्यात, कोकम सरबत ३२व्यात, आणि दुकान चालवणं हीच सेवा धरली तर ती ३५व्यात. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे ४,५०० रुपये. चारही वर्ग घेतले तर १८,००० रुपये, तेही वकिलांची फी सोडून. आमच्या हंगामाच्या हिशेबात ही रक्कम थोडी नव्हे. खप जास्त मसाल्याचा आणि आमसुलांचा, म्हणून ३० आणि २९ हे दोनच वर्ग सध्या घेतले. अर्जात ‘नाव केव्हापासून वापरता’ हा रकाना असतो. इतक्या वर्षांची विक्री सांगायचा मोह झाला, पण माल जुना असला तरी नाव नवंच होतं. मागची तारीख लिहायची तर प्रतिज्ञापत्र आणि त्या नावाची बिलं जोडावी लागतात. आम्ही ‘वापरण्याचा इरादा’ असं लिहिलं.

पुढची वाट लांब आहे. परीक्षकाने शंका काढली तर एका महिन्यात उत्तर द्यायचं. मग नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये येतं आणि विरोध करायला लोकांना चार महिने असतात. सगळं पार पडलं की नोंदणी मिळते, ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची. तोवर नावाशेजारी ‘टीएम’ लिहिता येतं, वर्तुळातला ‘आर’ नाही. अर्जातला पत्ता सगळ्यांना दिसतो, त्यामुळे अर्ज गेल्यावर सरकारी वाटावं अशा थाटाचं एक पत्र आलं, अमुक रक्कम तातडीने भरा म्हणून. सासूबाई घाबरल्या. ते खासगी पत्र होतं, पैसे भरायचं कारणच नव्हतं. असलं काही आलं तर आधी रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर आपल्या अर्जाची स्थिती पाहा.

डोमेन आम्ही अर्जाच्याच दिवशी घेतलं, डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ २०१४पासून मिळतं, तेही पुढे घेण्याचं मनात आहे. दुकानाचं संकेतस्थळ बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यातून घ्यायची तयारी दाखवली होती. मी नको म्हटलं. मालक म्हणून माझं नाव, माझा ईमेल, माझा मोबाइल, आणि मुदत संपण्याआधी आपोआप नूतनीकरण, एवढं स्वतः बसून भरून घेतलं. आमच्या ओळखीतल्या एका बचत गटाचं डोमेन संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नावावर आहे आणि तो माणूस फोन उचलत नाही. त्या बायकांनी पत्ता छापलेल्या पिशव्या आता कुठे न्यायच्या?

तुमच्याही घरी मसाल्याचा, पापडाचा, गोधड्यांचा असा उद्योग सुरू होत असेल, तर लेबलं आणि पिशव्या छापायला टाकण्याआधी रजिस्ट्रीतला शोध घ्या. नावाच्या दोन-तीन स्पेलिंगांनी घ्या, तुमच्या मालाचे सगळे वर्ग घालून घ्या. कळलं नाही तर जाणत्या माणसाला विचारा, आणि तोवर घरच्यांनी कितीही घाई केली तरी छपाईवाल्याला थांबवून ठेवा.