आप्पांचे कान आणि ट्राउट क्विंटेट

पुण्यात 'चेंबर' म्हटलं की पहिल्यांदा आठवतं ते रस्त्याच्या मधोमध अर्धा फूट वर आलेलं ड्रेनेजचं झाकण. त्यामुळे स्वारगेटला राहणारा माणूस जेव्हा ऑफिसात सांगतो की मी शनिवार-रविवार चेंबर म्युझिक ऐकतो, तेव्हा पुढची पाच मिनिटं काय विनोद होतात ते तुमच्या लक्षात आलंच असेल. असो.

तर मंडळी, चेंबर म्हणजे इथे खोली. मोठ्या सभागृहाऐवजी कुणाच्या तरी दिवाणखान्यात तीन, चार, पाच जणांनी बसून वाजवायचं संगीत. आपल्याकडची खाजगी बैठक डोळ्यासमोर आणा, बराचसा अंदाज येईल. पुढे काठी घेऊन उभा राहणारा कंडक्टर नाही. प्रत्येकाला स्वतंत्र काम आणि त्या कामाला दुसरा माणूस नाही. ऑर्केस्ट्रात वीस व्हायोलिनं वाजत असताना एकाने जरा अंग चोरलं तर खपून जातं. इथे पाचातला एक गप्प बसला की भिंतीतली वीट काढल्यासारखं होतं. (आमच्या ऑफिसातल्या पाच जणांच्या टीमबद्दल मी इथे काहीही बोलणार नाही.)

एकोणिसाव्या शतकातल्या शुबर्ट, शुमन, ब्राम्स, ड्वोरझाक या मंडळींनी पियानो आणि तंतुवाद्यं एकत्र घेऊन जे लिहिलं ते मला सगळ्यात जवळचं. शुमनने १८४२ साली पियानो आणि चार तंतुवाद्यांचं क्विंटेट लिहिलं. मग ब्राम्स आणि ड्वोरझाक त्याच वाटेने गेले. पण आज सांगायचंय ते शुबर्टच्या 'ट्राउट'बद्दल, कारण त्यात आमच्या आप्पांचा संबंध येतो.

आप्पा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. पत्र्यावर दिवसभर धडाधड घाव. तेव्हा कानात कुणी काही घालत नसे. संध्याकाळी घरी आले की चहा, आणि मग रेडिओवर किंवा कॅसेटवर गाणं. डिसेंबरात सवाई गंधर्व चुकवायचे नाहीत. रमणबागेत भारतीय बैठकीचं तिकीट, सतरंजी, शाल आणि डब्यात थालीपीठ. मी लहानपणी त्यांच्या मांडीवर किती राग झोपून काढले याची गणती नाही!

२०१८ साली सवाई रमणबागेतून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात आला. म्हणजे आमच्या घरापासून चालत जाता येईल इतका जवळ. आणि नेमकं त्याच सुमाराला आप्पांनी जायचं बंद केलं. विचारलं तर म्हणाले, "पाय दुखतात." खरं कारण बऱ्याच दिवसांनी कळलं. "अरे, डग्गा ऐकू येतो, पण तबल्याची चाट येत नाही. गाणारा तोंड हलवतो, शब्द कळत नाहीत. शेजारचे वा म्हणतात तेव्हा मी पण मान हलवतो. कशाला जायचं तिथे खोटी मान हलवायला?"

मग ऑडिओग्राम झाला. इंजिनियर माणसाला आलेख दिसला की बरं वाटतं, पण हा आलेख बघून पोटात कालवलं. डावीकडे २५० हर्ट्झ, उजवीकडे ८००० हर्ट्झ. डावीकडे रेघ ठीकठाक चालते आणि उजवीकडे जाताना कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. वयाने जाणारं ऐकणं वरच्या स्वरांपासून जातं. आणि कारखान्यातल्या आवाजाने होणारं नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतं. पियानोची अगदी शेवटची, सगळ्यात उंच पट्टी ४१८६ हर्ट्झची असते, म्हणजे साधारण तिथेच. आप्पांना दोन्ही लागू.

याचा रोजच्या जगण्यात अर्थ असा: स, श, फ, ट ही व्यंजनं वरच्या पट्ट्यात राहतात, ती गळतात. स्वर मात्र येतात. म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. त्यात घर स्वारगेटला! एसटी स्टँड, उड्डाणपूल आणि रिक्षा. बसच्या इंजिनाची घरघर खालच्या पट्ट्यातली, ती आप्पांना शंभर टक्के ऐकू येते आणि बोलण्याचा जो काही भाग उरलाय तो झाकून टाकते. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो जमिनीखालून स्वारगेटपर्यंत आली, पण वरचा आवाज काही खाली गेला नाही. आईने स्वयंपाकघरातून मारलेली हाक त्यांना येत नाही, सांगलीची गाडी लागलेली कळते.

श्रवणयंत्र घेतलं. ते टेबलाच्या खणात राहायला लागलं. "त्याच्यात सगळं पत्र्याचं ऐकू येतं," हे कारण. हळूहळू रेडिओ बंद, टीव्ही बंद, आणि आम्ही काहीही विचारलं तरी "हो, हो". तुमच्या घरात असं कुणी असेल तर हा 'हो, हो' तुम्हाला माहीत असेल. माणूस समोर बसलेला असतो आणि खोलीतून निघून गेलेला असतो.

आता ट्राउट. शुबर्टने हे १८१९ साली लिहिलं, वय वर्षं २२. ऑस्ट्रियातल्या श्टायर गावी पाउमगार्टनर नावाचा एक खाणींचा कारभारी होता. हौशी चेलोवादक. त्याच्या घरच्या बैठकीसाठी ही रचना. त्याला शुबर्टचं 'ट्राउट मासा' हे गाणं फार आवडायचं, म्हणून क्विंटेटच्या चौथ्या भागात त्याच गाण्याची चाल घेऊन तिची वेगवेगळी रूपं मांडली आहेत. वाद्यं मात्र नेहमीची नाहीत. पियानो, एक व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या जागी चक्क डबल बेस. माणसाएवढं उंच, उभं राहून किंवा उंच स्टुलावर टेकून वाजवायचं ते धूड. त्याची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झला लागते. तळ सांभाळायला हा भिडू मिळाल्यामुळे चेलो मोकळा झाला आणि वर येऊन गाऊ लागला. शुबर्ट १८२८ साली ३१ व्या वर्षी गेला. ही रचना छापून आली ती त्यानंतर, १८२९ मध्ये.

मी हे बरीच वर्षं कोड लिहिताना हेडफोनवर ऐकायचो. हेडफोनवर लक्ष वरच जातं. पियानोची धावपळ आणि व्हायोलिनचा गोडवा. एका रविवारी दुपारी आप्पांच्या जुन्या म्युझिक सिस्टिमला वायर लावून मोठ्या स्पीकरवर लावलं. हे स्पीकर त्यांनी नव्वदच्या दशकात बोनसमधून घेतलेले, प्रत्येकी एका पोत्याच्या आकाराचे. आई ते काढून टाका म्हणून कायम मागे लागलेली. आप्पा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. चौथा भाग सुरू झाला. आधी पियानो गप्प असतो, नुसती तंतुवाद्यं चाल सांगतात. मग पियानो ती उचलतो. मग व्हायोला. तिसऱ्या रूपात पियानो वरती सुसाट पळत सुटतो आणि मूळ चाल खाली चेलो आणि डबल बेसकडे येते.

आप्पांनी पेपर खाली ठेवला. "हा खाली कोण वाजवतोय?"

मी म्हटलं, "कुठे खाली?"

"अरे, तळाला. डग्ग्यावाल्यासारखा. सगळ्यांना तोच धरून बसलाय."

मी परत लावलं. खरंच की! माझ्या कानाला पियानोची आतषबाजी, आणि त्यांना ती जवळजवळ येतच नव्हती, म्हणून खालचा माणूस स्वच्छ दिसत होता. त्यांनी दाखवल्यावर मलाही दिसला. सहा महिन्यांत आप्पांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं: "आप्पा, तो मुंबईचा पारशी आहे."

कारण मी लावलेलं रेकॉर्डिंग होतं ३० ऑगस्ट १९६९ चं, लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमधलं. ख्रिस्तोफर नुपेनने त्याची 'द ट्राउट' नावाची फिल्मच केली आहे. पियानोवर डॅनियल बारेनबॉइम (२६), व्हायोलिनवर इत्झाक पर्लमन (दुसऱ्या दिवशी २४ पूर्ण होणार होते), व्हायोलावर पिंकास झुकरमन (२१), चेलोवर जॅकलिन दु प्रे (२४), आणि डबल बेसवर झुबिन मेहता, वय ३३. जगभर कंडक्टर म्हणून मिरवणारा माणूस इथे कोपऱ्यात उभा राहून तळ सांभाळतोय. व्हिएन्नाला शिकायला गेले तेव्हा त्यांनी हे वाद्य घेतलं होतं.

झुबिनचे वडील मेहली मेहता. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. म्हणजे हा मुलगा लहानपणापासून घरात चेंबर म्युझिक ऐकत वाढला. आधी डॉक्टरकीच्या वाटेला लागला होता, ती सोडून १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेला. आप्पांना हे सगळं जाम आवडलं. "बापाने ऐकवलं म्हणून पोरगा गेला" हा त्यांनी काढलेला निष्कर्ष. मी वाद घातला नाही.

मग आम्ही ती फिल्म बघितली. कार्यक्रमाच्या आधी ही पाच जणं शाळेच्या सहलीला आल्यासारखी मस्ती करतात, एकमेकांची वाद्यं हिसकावून वाजवून बघतात. आणि स्टेजवर गेल्यावर सारखी एकमेकांकडे बघतात. आप्पांना हे बघून फार बरं वाटलं. ज्याला नीट ऐकू येत नाही तो डोळ्यांनी ऐकतो. कोण कोणाकडे चाल देतोय ते बघितलं की अर्धं गाणं कळतं. जॅकलिन दु प्रेबद्दल मात्र मी त्यांना लगेच सांगितलं नाही. १९७३ मध्ये तिला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं निदान झालं, हातांनी साथ सोडली, आणि १९८७ मध्ये ती गेली, वय अवघं ४२. नंतर सांगितलं तेव्हा आप्पा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तरी हे वाजवून ठेवलं ना तिने."

रेकॉर्डिंगचं हेच असतं. आणि रेकॉर्डिंगलाही कान असतात बरं का, तेही कधीकधी कमी ऐकणारे. १९२५ च्या आधी मायक्रोफोन नव्हता. वादक एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसायचे आणि कर्ण्याला खर्ज जवळजवळ ऐकूच यायचा नाही, म्हणून डबल बेसच्या जागी अनेकदा ट्यूबा हे पितळी वाद्य घ्यायचे. आप्पांच्या कानांना वरचं येत नाही, त्या कर्ण्याला वरचं आणि खालचं दोन्ही येत नसे. मायक्रोफोन आला आणि लगोलग १९२६ मध्ये कोर्तो, तिबो आणि कासाल्स या तिघांनी शुबर्टचं बी फ्लॅट मेजर पियानो ट्रिओ रेकॉर्ड केलं. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण साडेचार मिनिटं मावायची, म्हणजे अर्ध्या तासाच्या रचनेसाठी सात-आठ वेळा उठायचं. आज ऐकलं तर खरखर आहे, पण माणसं खोलीत बसल्यासारखी वाटतात.

आणि मोबाइलचा स्पीकर? त्यातून ४१ हर्ट्झ बाहेर पडणं शक्य नाही, तो जीव केवढा! तरी आपल्याला खालचा स्वर ऐकल्यासारखं वाटतं, कारण वरच्या उपस्वरांवरून मेंदू गाळलेली जागा भरतो. आप्पा संभाषणात आयुष्याची शेवटची दहा वर्षं हेच करतायत, गाळलेल्या जागा भरा. फक्त तिथे चूक झाली की आम्ही वैतागतो.

पुढे चमत्कार वगैरे काही झाला नाही. कान परत आले नाहीत. पण त्या रविवारनंतर ते आपणहून ऑडिओलॉजिस्टकडे चला म्हणाले. तिथे कळलं की श्रवणयंत्र मुळात बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेलं असतं. त्यातली शिट्टी थांबवणारी यंत्रणा व्हायोलिनच्या लांब स्वरालाच शिट्टी समजते आणि त्याची वाट लावते. संगीतासाठी वेगळी सेटिंग असते, ती करून घेतली. आता यंत्र खणातून बाहेर असतं. 'हो, हो' अजून आहे, पण कमी आहे. आणि रविवारी दुपारी खिडक्या लावून आम्ही दोघं एक रचना ऐकतो. मी वरचं सांगतो, ते खालचं सांगतात.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर १९६९ ची ती फिल्म आधी बघा. मग क्लिफर्ड कर्झन आणि व्हिएन्ना ऑक्टेटच्या वादकांचं १९५७ चं रेकॉर्डिंग, ते जास्त घरगुती आणि हसरं आहे. मग एमिल गिलेल्स आणि अमाडेउस क्वार्टेटचं १९७५ चं. त्यानंतर शुमनचं १८४२ चं क्विंटेट. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, आणि शक्यतो एकट्याने ऐकू नका. घरात कमी ऐकू येणारं कुणी असेल तर त्यांना शेजारी बसवा आणि काय ऐकू येत नाही याच्याऐवजी काय ऐकू येतंय ते विचारा.

पुढच्या रविवारी ब्राम्स आहे. आप्पांनी आधीच विचारून ठेवलंय, "त्यात तो डग्गेवाला आहे ना?" नाहीये. कसं सांगायचं ते बघतो.