काठावरची जागा

माणूस पोहायला कोठे शिकला, हे त्याच्या पोहण्यावरून ओळखता येते. नदीत शिकलेला माणूस संथ पाण्यातही किंचित तिरका जातो, कारण प्रवाह त्याच्या अंगात मुरलेला असतो. विहिरीत शिकलेला माणूस मान वर ठेवून, हात आपटत पोहतो. त्याला चार हातांवरची भिंत तेवढी गाठायची असते. बुलढाणा जिल्ह्यातील उंद्री हे माझे गाव, आणि मी विहिरीचा पोहणारा आहे.

आमच्या मळ्यातली विहीर जुनी, मोटेची. मोट जाऊन पंप आला होता, तरी धाव आणि थारोळे शाबूत होते. पावसाळा सरला की पाणी वरच्या पायऱ्यांना लागे आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुले थारोळ्यावरून मुटके मारत असू. आम्हांला शिकवले ते आमच्या सालदारांनी. ते स्वतः पैनगंगेत पोहायला शिकलेले. आमच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा, कमरेला दोर आणि दोराचे दुसरे टोक काठावर उभ्या असलेल्या त्यांच्या हातात, अशी ती शाळा. मी घाबरून हातपाय झाडू लागलो की ते वरून म्हणत, "पान्याशी भांडू नोको, बाप्पा. ते आपोआप उचलते." एके दिवशी त्यांनी न सांगता दोर सैल सोडला आणि मी समोरच्या पायरीला हात लावला. त्या विहिरीत पहिला-दुसरा असे काही नव्हते. पोहता येणारे आणि न येणारे एवढेच दोन वर्ग होते, असे मी पुढे कितीतरी वर्षे अभिमानाने सांगत आलो.

चाळिशी ओलांडल्यावर, गुडघे कुरकुरू लागले म्हणून, नोकरीच्या शहरातील जलतरण तलावावर नाव नोंदवले. पन्नास मीटर लांबीचे निळे पाणी, तळाशी काळे पट्टे आणि दोऱ्यांनी आखलेल्या लेन. प्रवेशद्वारी फलक होता : मधल्या लेन स्पर्धकांसाठी, हौशी पोहणाऱ्यांनी कडेच्या लेनमध्ये पोहावे. 'हौशी' हा शब्द मी तोवर नाटकवाल्यांबद्दलच ऐकला होता. मधल्या लेनमधली मुले घड्याळाकडे पाहून भिंतीवरून सुटत आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावरून हिरमुसत. कडेच्या लेनमध्ये आम्ही : मधुमेही, सेवानिवृत्त, वजन घटवू पाहणारे. पहिल्याच आठवड्यात एक तरुण नम्रपणेच म्हणाला, "काका, हे विहिरीचं पोहणं आहे. पाणी फार उडतं." त्या दिवशी मी लवकर बाहेर आलो आणि बराच वेळ काठावर बसून राहिलो.

पुढे वाचनात आले की 1844 मध्ये लंडनच्या एका तलावात उत्तर अमेरिकेतील दोन मूलनिवासी जलतरणपटूंनी हात डोक्यावरून फिरवत शर्यत लावली होती. वेग थक्क करणारा होता. परंतु तेथील लोकांना त्यांचे ते पाणी उडवणे असंस्कृत वाटले आणि इंग्रज मंडळी पुढेही बरीच वर्षे बेडकासारखी, सभ्यपणे पोहत राहिली. आज मुक्त शैलीच्या शर्यतीत जो तो हात डोक्यावरूनच फिरवतो. कोणते पोहणे 'खरे', हे पुष्कळदा पाणी ठरवत नाही, काठावरची माणसे ठरवतात.

स्पर्धक आणि हौशी यांच्यामधली दोरीही वाटते तितकी ताणलेली नसते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि उपचार म्हणून पाण्यात उतरले. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर मुक्त शैलीचे सुवर्णपदक जिंकले. अंग सावरण्यासाठी पाण्यात आलेला माणूस विजेता झाला. उलट दिशेचा प्रवासही मी पाहिला. मधल्या लेनमधली एक मुलगी निवड हुकल्यावर काही दिवस आमच्या कडेला येऊ लागली. मी उताणा तरंगत होतो. तिने विचारले, "काका, तुम्ही न हलता इतका वेळ कसे राहता? मला थांबलं की बुडेन असं वाटतं." मी तिला सालदारांचे वाक्य सांगितले. तिने मला तोंड पाण्यात ठेवून कुशीवर श्वास घ्यायला शिकवले. त्यानंतर तो तलाव मला परका वाटला नाही.

येथेच हा लेख संपला असता तर बरे झाले असते. परंतु काठावर बसून काढलेली ती संध्याकाळ मनातून जात नव्हती. इतर सारे पाण्यात आणि आपण काठावर, हे दृश्य पूर्वी कोठे पाहिले होते? हळूहळू आठवले. आमच्या विहिरीच्या काठावर सालदारांचा मुलगा बसत असे. माझ्याच वयाचा. आम्ही पोहत असताना तो आमचे कपडे राखी. त्यांचे घर गावकुसाबाहेर होते. सालदार स्वतः आमच्या विहिरीत कधी उतरल्याचेही मला आठवत नाही. त्यांचे पोहणे त्यांच्या दोरातून आमच्यापर्यंत येत होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आम्ही शाळेच्या पुस्तकात पाठ केले होते. पाठ करून आम्ही विहिरीवर जात होतो. दोनच वर्ग असल्याचा माझा अभिमान किती अपुरा होता! तिसरा वर्ग काठावर बसलेला होता, आणि मी त्याच्या हातात सदरा देऊन उडी मारत होतो.

गेल्या दिवाळीत उंद्रीला गेलो तेव्हा त्याची भेट झाली. सालदार आता नाहीत. गप्पांच्या ओघात मी विचारले, "तू का रे शिकला नाहीस पोहायला? घरात शिकवणारा असताना?" तो हसला. रागाचा लवलेश नव्हता. म्हणाला, "मंग तुमचे कपडे कोनं राखले असते?"

मला उत्तर देता आले नाही. शिवारात आता जागोजाग शेततळी झाली आहेत. त्यांचे प्लॅस्टिकचे अस्तर निसरडे असते, पडलेल्या पोराला धरायला काही सापडत नाही. मी त्याला एवढेच म्हणालो, "नातवाला उद्या विहिरीवर घेऊन ये." दुसऱ्या दिवशी ते दोघे आले. पोराच्या पाठीला डबा बांधला, कमरेला दोर बांधला. दोराचे दुसरे टोक माझ्या हातात होते. पोर पाण्यात उतरले आणि घाबरून हातपाय झाडू लागले. मी काही म्हणण्याआधीच शेजारून त्याच्या आजोबांचा आवाज आला, "पान्याशी भांडू नोको, बाप्पा."